‘इतर बाबी’चा रकाना

कुठल्याही माणसाविषयी तीन वर्षांच्या आत मत बनवू नये असं ठामपणे सांगणारा, आणि तरीही दर एप्रिलच्या शेवटी एका रविवारी, जेवणाच्या आत, तीस-बत्तीस अनोळखी तरुणांविषयी लेखी मत देऊन मोकळा होणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा मेहुणा आहे. माझ्या बायकोचा, मेधाचा, धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, अविवाहित, मुक्काम आइंडहोवन, आणि काम म्हणजे चिपा बनवणाऱ्या यंत्रांमधले आरसे तपासणं. हे आरसे इतके गुळगुळीत लागतात म्हणे, की त्यांतला एखादा जिल्ह्याएवढा मोठा केला तरी त्यावरून चालणाऱ्या मुंगीला ठेच लागू नये. आठवडाभर आरशांतले दोष शोधायचे आणि सुटीच्या दिवशी फुटबॉलपटूंमधले, असा त्याचा क्रम आहे. आरशांतले त्याला सापडतात.

बारा-तेरा वर्षांपूर्वी कंपनीने त्याला दोन वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं, कायम बर्फात असलेल्या एका गावी. तिथून लोक पैसा गाठीला बांधून येतात, निदान एखादा मोठा टीव्ही तरी आणतात. हा एका फुटबॉल संघावरची भक्ती घेऊन आला. फुटबॉल तोही अमेरिकन, ज्यात पायाचा आणि चेंडूचा संबंध अधूनमधूनच येतो. संघाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव छापलं की संघ हरतो असं त्याचं निरीक्षण आहे. मी एकदा म्हटलं की मी तर कधीच छापलं नाही, तरी तो हरतोच. त्यावर तो शांतपणे म्हणाला की अमेरिकेतले पेपर छापतात ना. फुटबॉलवर जीव असलेल्या माणसाला नेदरलँड्समध्ये सोबतीची वाण पडू नये, पण याला पडली. त्याच्या शेजारच्या डच आजोबांनी एकदा कुंपणावरून सहज विचारलं, कुठला संघ? त्यांना चाळीस मिनिटं उत्तर मिळालं. तेव्हापासून ते आजोबा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवण्याआधी खिडकीतून डोकावून अंगणात कुणी नाही ना ते बघतात.

खेळापेक्षाही त्याला प्रिय आहे ती खेळाडूंची वार्षिक निवड. ती मला त्याने इतक्यांदा समजावली आहे की आता झोपेतसुद्धा सांगता येईल. बत्तीस संघ ओळीने बसतात आणि कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं एकेक करून उचलतात. आणि ज्या संघाची मागच्या वर्षी सगळ्यात जास्त फजिती झाली, त्याचा नंबर पहिला. हा नियम मला ऐकताक्षणी आवडला. जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. मेहुण्याचा संघ इतक्या सातत्याने हरतो की दर वर्षी त्याला चांगली पोरं आधी उचलायला मिळतात, आणि तरीही तो पुढच्या वर्षी हरतो. हे त्यांना कसं साधतं, हा मेहुण्याच्या आयुष्यातला मूळ प्रश्न असावा असं मला वाटतं. बाकी सगळी त्याची खटपट म्हणजे त्या प्रश्नाच्या भोवती घातलेल्या फेऱ्या.

या बत्तीस संघांचे चार-चारांचे गट आहेत, आणि आपल्या गटातल्या तिघांशी दर हंगामात दोनदा गाठ पडते, ती चुकवता येत नाही. या तिघांना तो भाऊबंद म्हणतो. इतर अठ्ठावीस संघांबद्दल त्याच्या मनात काही नाही, जिंकले तर जिंकोत बापडे. पण भाऊबंदाने एखादा चांगला पोरगा उचलला की शेताचा बांध कुणी हातभर सरकवल्यासारखा त्याचा चेहरा होतो. आपल्याला काय मिळालं यावर त्याचं सुख कधीच अवलंबून नसतं, बांधापलीकडे काय गेलं यावर असतं. म्हणूनच तो आपल्या एका संघाची नाही, चारही संघांची पोरं तपासतो. त्याचा संगणकावर एक तक्ता आहे. त्यात प्रत्येक पोराची उंची, वजन, धावण्याचा वेग, उडी, गुडघ्यांचा इतिहास असे एकवीस रकाने आहेत, आणि कुठल्या रकान्याला किती महत्त्व द्यायचं याची टक्केवारी आहे.

हा खेळ त्याने ऑफिसातल्या दोघांना शिकवला, एक नाशिकचा आणि एक इंदूरचा मराठी माणूस. इतका बारकाईने शिकवला की दोघांनी सूड म्हणून भाऊबंदांपैकी एकेक संघ धरला. तिसऱ्या भाऊबंदाची बाजू घ्यायला कुणी नाही, त्यामुळे त्याला तिघं मिळून नावं ठेवतात. निवडीनंतरच्या शनिवारी मेहुण्याच्या घरी या तिघांची सभा भरते. प्रत्येकाने चारही संघांतल्या नव्या पोरांवर आपलं मत लिहून आणायचं, कोण टिकेल आणि कोण नाही, ते पाकिटात बंद करायचं, आणि तीन वर्षांपूर्वीची पाकिटं त्या दिवशी फोडायची. ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकले असतील त्याने बाकीच्यांना मिसळ करून घालायची. सहा वर्षं पाकिटं फुटत होती आणि सहा वर्षांत मेहुण्याने एकदाही मिसळ केली नव्हती. नाशिककर आणि इंदूरकर त्याच्याकडे जरा वचकूनच बघायचे. एकवीस रकान्यांचा महिमा, असं त्यांना वाटायचं. त्यालाही ते तसंच वाटू द्यायला आवडायचं.

प्रत्यक्ष निवड अमेरिकेत तीन दिवस चालते, पण ती चालू असताना तो बघत नाही. ज्याची झोप झाली नाही त्याने दुसऱ्याची परीक्षा करू नये, हे त्याचं तत्त्व. मग ते तीन दिवस निकाल कानावर पडू नये म्हणून तो फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवतो, शुक्रवारी रजा टाकतो, आणि रविवारी सकाळी कानांत बोळे घालून आगगाडीने आमच्याकडे हार्लेमला येतो. इथल्या राजाचा वाढदिवस त्याच सुमाराला असतो, आणि त्या दिवशी अख्खा देश नारिंगी घालतो. एका वर्षी तो दिवस शनिवारी आला आणि हा रविवारची वाट न बघता त्याच दिवशी मुक्कामाला निघाला. गाडी नारिंगी कपड्यांतल्या लोकांनी खच्चून भरलेली. एका भाऊबंदाचा रंग नेमका नारिंगी. आपल्या संघाचा जुना सदरा घालून हा मधोमध उभा, आणि कुणा उत्साही बाईंनी त्याच्या डोक्यावर कागदी नारिंगी मुकुट ठेवला. बाई प्रेमाने ठेवताहेत, काढायचा कसा? तो मुकुट घालून हार्लेमपर्यंत आला, दाराबाहेर काढून त्याची घडी केली, आणि नंतर मेधाने हौसेने आणलेला नारिंगी साखरेचा तोम्पूसही खाल्ला नाही. साय आणि पापुद्र्यांचा तो केक त्याला एरवी फार आवडतो. त्याने वरची नारिंगी साखर सुरीने खरवडून माझ्या ताटलीत टाकली, तेव्हा कुठे त्याच्या घशाखाली उतरला.

एवढ्या लांब आमच्याकडेच का यायचं, असं मला पहिली काही वर्षं कुतूहल होतं. आमचा टीव्ही मोठा आहे, असं तो सांगायचा. आमचा टीव्ही त्याच्यापेक्षा लहान आहे. मग हळूहळू लक्षात आलं. निवडीच्या वेळी या पोरांच्या घरात कॅमेरे लावलेले असतात. घरचे सगळे कोचावर दाटीवाटीने बसलेले, मध्ये पोरगा, समोर फोन. फोन वाजतो, संघाचा माणूस बोलतो, आणि घरात एकच कल्लोळ उठतो. मेहुणा ही चित्रफीत लावायचा आणि फोन खाली ठेवला गेला की थांबवायचा. शेजारच्या खुर्चीवर मेधा मेथी निवडत बसलेली असायची, किंवा तिच्या मराठीच्या वर्गातल्या वह्या तपासत. दर शनिवारी ती बुइटनव्हेल्डर्टला मराठी शिकवायची, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देणाऱ्या मुलांना. त्यांतलं कोण जूनपर्यंत येत राहील हे तिला पहिल्याच तासाला कळायचं. तशीच ती मान वर करून टीव्हीकडे बघायची आणि म्हणायची, हा टिकेल. किंवा, हा नाही. आणि परत मेथी.

खेळाचा एक नियम तिला ठाऊक नव्हता. चेंडू लांबट असतो हेही तिला चौथ्या वर्षी समजलं. मेहुण्याने आधी तिची थट्टा केली. दुसऱ्या वर्षी तक्त्यात बाविसावा रकाना आला, ‘इतर बाबी’, महत्त्व पाच टक्के. पुढच्या वर्षी पंधरा. धावण्याचा वेग, उडी, गुडघे सगळे आपापल्या जागेवरून थोडे थोडे मागे सरकत गेले, आणि शेवटी ‘इतर बाबी’ साठ टक्क्यांवर जाऊन बसल्या. त्या रकान्यात तो मेधाचं वाक्य जसंच्या तसं टाइप करायचा. सभेत मात्र त्याने या रकान्याचा उगम कधी सांगितला नाही. अनुभवाने येणारी नजर असते, एवढंच म्हणायचा.

ती नेमकं काय बघते, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, मी पोराकडे बघतच नाही, फोन ठेवल्यावर तो आधी कुणाकडे वळतो ते बघते. मी पुढच्या पोराच्या वेळी तेवढंच बघायचं ठरवलं. मला सगळे सगळ्यांकडे वळलेले दिसले.

बहीण-भावांचं हे निवडीचं नातं जुनं होतं. लहानपणी पुण्याला त्यांच्या सोसायटीत क्रिकेटचे संघ पाडताना मेधा कायम एका बाजूची कप्तान असायची, आणि आपल्या सख्ख्या भावाला ती कायम सगळ्यात शेवटी घ्यायची. हे दुःख तो अजून विसरलेला नाही. मेधाचं म्हणणं सरळ होतं. तुला दुसरं कुणी घेणारच नव्हतं, मग पहिला नंबर मी वाया कशाला घालवू? तो सांगतो की निवडशास्त्राचं पहिलं तत्त्व तो तिथे शिकला. पण हे सांगताना दर वेळी त्याचा आवाज जरा दुखावलेला असतो.

गेल्या नोव्हेंबरात मेधा गेली. आजार उन्हाळ्यात कळला होता, फार वेळ मिळाला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात मेहुणा दर रविवारी यायचा. आम्ही दोघंही बोलण्यात कच्चे. तो घरात काहीतरी तपासायचा. खिडक्यांच्या फटी, नळाचा दाब, दाराची बिजागरी. एकदा त्याने सगळ्या खोल्यांत तापमापक ठेवले आणि महिन्याभराने मला सांगितलं, भावजी, तुमचं स्वयंपाकघर अर्ध्या अंशाने थंड आहे. मी म्हटलं, हो, मलाही वाटतं. त्यावर आम्ही दोघांनी चहा घेतला.

एप्रिल जवळ आला तसा मात्र तो यायचा थांबला. मी विचारलं नाही. मला वाटलं, या वर्षी तो तक्ता करणार नाही, सभाही टाळेल. निवडीनंतरच्या रविवारी सकाळी साडेदहाला दाराची घंटा वाजली. तो उभा होता, कानांत बोळे, अंगात जुना सदरा. आत आला, संगणक जोडला, आणि पहिल्या पोराची फीत लावली. फोन आला, पोरगा बोलला, फोन खाली ठेवला. मेहुण्याने सवयीने चित्र थांबवलं आणि शेजारच्या खुर्चीकडे मान वळवली. खुर्चीत मी बसलो होतो. दुसरी खुर्ची खिडकीपाशी होती, पण ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मी इकडे बसलो होतो, माझ्या मनात काही नव्हतं.

‘‘भावजी,’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही तेवीस वर्षं तिच्याबरोबर होतात. ती काय म्हणाली असती?’’

मला माहीत नव्हतं. हे मोठ्याने म्हणणं मला अवघड गेलं, पण मी म्हटलं. मग आम्ही ती फीत पुन्हा लावली. त्यात एक अगडबंब पोरगा होता, पुढच्या फळीत नुसतं भिंतीसारखं उभं राहायचं काम करणारा. फोन ठेवल्यावर घरचे नाचायला लागले आणि तो उठून आत निघून गेला. कॅमेरा रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग तो एक पेला पाणी घेऊन बाहेर आला आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना दिला. मी म्हटलं, मेधा म्हणाली असती, टिकेल. मेहुणा म्हणाला, मुळीच नाही, ती म्हणाली असती, हा कॅमेऱ्यासाठी पाणी आणतोय. मी म्हटलं की तिचा स्वभाव इतका संशयी नव्हता. तो म्हणाला की तुम्हाला ती फार उशिरा भेटली.

त्या दिवशी आम्ही तीन पोरांपलीकडे गेलोच नाही. तो त्याच्या बाजूचे पुरावे काढत होता, मी माझ्या. शेजारच्या काकूंनी दिलेला दिवाळीचा फराळ विकतचा आहे हे तिने नुसता वास घेऊन कसं ओळखलं होतं, हे त्याने सांगितलं. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, काही नाही, पाणी प्या आणि वाट बघा म्हटल्यावर तिने त्याच्या डोळ्यांकडे बघून आणखी एकदा तपासायला कसं लावलं, हे मी सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. ती सहावीत नापास होता होता वाचली होती, हे मला माहीत नव्हतं. दुपारी तीनला आम्हाला जेवणाची आठवण झाली. बाविसावा रकाना तसाच कोरा होता.

निघताना बूट घालत तो खाली बघून म्हणाला की यंदा सभेला तुम्ही चला. मग नाडी बांधता बांधता त्याने खरी गोष्ट सांगितली. गेल्या तीन वर्षांची पाकिटं अजून फुटायची आहेत आणि त्यांत मेधाचे अंदाज आहेत. म्हणजे कुणाला काही न सांगता आणखी तीन सभा तो तिच्या जिवावर मिसळ खाऊ शकतो. आठवडाभर हेच मनात घोळतंय. सांगितलं तर आपल्याकडे नजर-बिजर काही नव्हती हे उघड होणार. नाही सांगितलं तर ती कुठेच राहत नाही.

शनिवारी मी आइंडहोवनला गेलो. नाशिककर आणि इंदूरकर माझ्याशी फार हळू आवाजात बोलले, जसं लोक त्या दिवसांत बोलत होते. मग तीन वर्षांपूर्वीची पाकिटं फुटली. मेहुण्याचे अंदाज नेहमीसारखेच बरोबर निघाले. इंदूरकरांनी खिन्नपणे मिसळीसाठी कांदा चिरायला घेतला. तेवढ्यात मेहुणा उभा राहिला. सभेत कुणी उभं राहत नाही, सगळे जमिनीवर बसलेले असतात.

‘‘हे माझं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘सगळं ताईचं आहे. सुरुवातीपासून.’’

मग त्याने टीव्ही, मेथी, वह्या, ‘इतर बाबी’ असं सगळं सांगून टाकलं.  नाशिककरांनी विचारलं, म्हणजे आम्ही सहा वर्षं तुझ्याशी नाही, ताईंशी हरत होतो? मेहुणा हो म्हणाला. नाशिककरांनी थोडा विचार केला. ‘‘मग ठीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्याशी हरायचा फार त्रास व्हायचा.’’

मला वाटलं विषय इथे संपेल आणि मिसळ होईल. पण इंदूरकर हातातली सुरी खाली ठेवून माझ्याकडे वळले. आमच्या पोरांच्या फितीही ताईंनी बघितल्या असतील ना, असं त्यांनी विचारलं, जणू घरच्या मुलांची चौकशी करावी तसं. मेहुण्याने मान हलवली. भाऊबंदांच्या चांगल्या पोरांबद्दल मेधा काय म्हणाली हे त्याने आजवर मुद्दाम तक्त्याबाहेर कधी येऊ दिलं नव्हतं. त्याने संगणक उघडला आणि न फुटलेली दोन्ही वर्षं वाचायला घेतली. पाकिटांचा नियम मोडतोय, हे कुणी काढलं नाही.

तो सपाट आवाजात वाचत होता, आरशांचा अहवाल वाचावा तसा. हा टिकेल, आजीला आधी हात देऊन उठवलं. हा नाही, फोनवर बोलताना स्वतःलाच टीव्हीत बघतोय. हा टिकला असता, पण याच्या वडिलांना हे जास्त हवंय. याला कुणीतरी जेवायला घाला. हा बूट घालून कोचावर चढलाय, आईने काही म्हटलं नाही, म्हणजे लाडाचा आहे, पहिला मार बसला की रडेल, पण मग बरा होईल. दोघं मधूनमधून थांबवत होते, परत वाचायला सांगत होते. नाशिककरांच्या संघात एक पोरगा होता, मोठ्या आशेने घेतलेला, आणि दोन वर्षं बाकावर बसलेला. नाशिककर त्याला येताजाता शिव्या घालायचे. त्याच्यापुढे मेधाचं वाक्य होतं, हा टिकेल, पण वेळ लागेल, कुणी त्याला हाकलू नका. नाशिककरांनी ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, बरं, नाही हाकलत.

या वर्षाच्या रकान्याचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. मेहुण्याने ‘इतर बाबी’चं महत्त्व शून्यावर आणलं होतं. इंदूरकर म्हणाले की राहू दे, आपण आपलं बघू, तीन वर्षांनी ही पाकिटं फुटली की मिसळ तूच करशील. त्याला ते मान्य होतं. मिसळ त्याला येत नाही, हेही तिथेच उघड झालं.

परतीच्या गाडीत मी मोजून पाहिलं. मेहुण्याने मला तक्त्याची छापील प्रत दिली होती. मेधाने ज्यांच्याबद्दल काही म्हटलं आहे आणि ज्यांचं अजून काही ठरलेलं नाही, अशी एकसष्ट पोरं त्यात निघाली. कुणी बाकावर आहे, कुणी दुखापतीतून उठतो आहे, काही जण नुकते कुठे खेळायला लागले आहेत. खेळाचे नियम मला अजूनही नीट कळत नाहीत. पण मेहुणा सांगतो की चांगला पोरगा दहा-बारा वर्षं खेळू शकतो, आणि भिंतीतला असेल तर कधी कधी पंधरा. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला, तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी त्यांची नावं शोधतो. तिचं म्हणणं बरोबर होतं का, हे ती एकसष्ट माणसं, मला न ओळखता, एकेक वर्ष करत ठरवताहेत, आणि त्यांनी ते सावकाश ठरवावं असं मला वाटतं.